अनुकूली ऑनलाइन अध्ययन

विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान, बलस्थाने व चुका पाहून पुढचा पाठ, उदाहरण किंवा गती ठरवणारी संगणकीय अध्ययनपद्धती. हायमे कार्बोनेल यांची ‘स्कॉलर’ (१९७०) ही या क्षेत्रातील आद्य प्रणाली. ती दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर विद्यार्थ्याशी प्रश्नोत्तरे करी. एकास एक शिकवणीचा लाभ सर्वांना कसा द्यावा, हा प्रश्न बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडला आणि संशोधनाला चालना मिळाली. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट व जॉन अँडरसन यांनी प्रत्येक उत्तरानंतर कौशल्यप्राप्तीची संभाव्यता नव्याने काढण्याची रीत विकसित केली.

उदाहरणार्थ, १/२ व १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारा विद्यार्थी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. अशा वेळी केवळ ‘चूक’ असा शेरा न देता प्रणाली त्याला समच्छेदाच्या पायरीवर परत नेते.

दृक्, श्राव्य अशा ‘अध्ययनशैलीं’नुसार शिकवल्याने फायदा होतो, या समजाला हॅरल्ड पॅशलर व सहकाऱ्यांच्या आढाव्यात (२००८) पुरेसा पुरावा आढळला नाही. विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष पातळीनुसार शिकवण्याची बाजू मात्र भक्कम आहे. ‘माइंडस्पार्क’ या अनुकूली प्रणालीच्या दिल्लीतील केंद्रांवरील प्रयोगात (प्रसिद्धी २०१९) कार्तिक मुरलीधरन व सहकाऱ्यांना साडेचार महिन्यांत गणितात ०.३७, तर हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी अधिक प्रगती दिसली. या केंद्रांत संगणकाच्या जोडीला लहान गटांतील शिकवणीही होती.