सर्व्हिस पिन: संपादकीय तळटीप
लेखकाने सर्व्हिस पिन, म्हणजे उपकरणावरची ओळख कळवणारी कळ, कालबाह्य ठरवली आहे. ते पटत नाही. उपकरणांच्या नियंत्रणासाठीच्या लॉनवर्क्स जाळ्यात उपकरणांमधल्या प्रत्येक न्यूरॉन चिपला ४८ बिटांचा एकमेव क्रमांक कारखान्यातच मिळतो आणि ही कळ दाबताच उपकरण तो जाळ्यावर जाहीर करते. बसवणीचे सॉफ्टवेअर हे क्रमांक आपणहून शोधू शकते, मग कळ कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण सापडलेला क्रमांक तिसऱ्या मजल्यावरच्या डँपरचा की तळघरातल्या पंपाचा, हे तार सांगत नाही. ते उपकरणापाशी उभा असलेला माणूसच सांगतो. बारकोडचे स्टिकर नकाशावर चिकटवूनही काम भागते खरे, मात्र दोन स्टिकरांची अदलाबदल झाली तर (आणि ती होतेच) कागद निमूट राहतो. उपकरण बदलल्यावर जाळ्यातला त्याचा जुना पत्ता (सबनेट-नोड) नव्याला देता येतो. न्यूरॉन क्रमांक मात्र नवा असतो, तो पुन्हा कळवावा लागतो.