बलकाला काय आठवतं?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज अंड्यावर बोलणार आहोत, याचं काहींना नवल वाटेल. पण ‘जसं अन्न तसं मन’ हे आपण सगळेच म्हणतो. मनाचं तपासणं अवघड आहे, अंड्याचं मात्र तपासता येतं. त्या तपासाचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

सुरुवात आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापासून करू. आमच्या लहानपणी कोंबडी परसात असायची. रात्री डालग्याखाली, दिवसभर उकिरड्यावर. बाजरी-ज्वारी पाखडताना सांडलेले दाणे, खळ्यातलं करडईचं नि जवसाचं बी, पावसाळ्यात घोळीची पानं, नाकतोडे, वाळवी. तिला कोणी फारसं खायला घालत नसे, तीच मिळवत असे. अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हातात राही. मीठमिरचीसाठी कुणापुढे हात पसरायला नको!

त्या अंड्यात नेमकं काय होतं? हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. पण त्याचं अर्धं उत्तर दूर केंब्रिजमध्ये तयार झालं होतं. ई. एम. क्रुकशँक यांनी कोंबड्यांना निरनिराळी तेलं आणि चरबी खाऊ घातली, बलक तपासला आणि १९३४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. असंपृक्त तेल खाऊ घातलं की बलकातली चरबी चांगलीच बदलते. संपृक्त चरबी कितीही घाला, बलकातलं तिचं प्रमाण फारसं हलत नाही.

आता बघा, असं का होतं? बलकातली चरबी कोंबडीच्या यकृतात तयार होते आणि रक्तातून अंडाशयात पोचते. संपृक्त आम्लं आणि ऑलिक आम्ल यकृत दाण्यातल्या पिठापासूनही बनवू शकतं. लिनोलिक आणि लिनोलेनिक ही दोन आम्लं मात्र कोंबडीला बनवता येत नाहीत; आपल्यालाही नाहीत. ती खाण्यातूनच यावी लागतात. पहिलं ओमेगा-६ कुळातलं; आपल्या नेहमीच्या करडई तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश तेच असतं. दुसरं ओमेगा-३ कुळातलं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास. करडई चारली तर एक बलक, जवस चारलं तर दुसरा. बलक मुख्यतः अंडं घालण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत भरतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांत फरक उतरतो.

कोलेस्टेरॉलचं तसं नाही. एका अंड्यात ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि तेल बदलून फारसं बदलत नाही. कारण अंडं मुळात आपल्यासाठी नसतंच, पिल्लासाठी असतं. २१ दिवस त्याला बाहेरून काही मिळायचं नाही. जे पिल्लाला हवंच, ते आई राखून ठेवते. बाकीच्यात रानाची नोंद उतरते.

पुढे १९७० नंतर पिंजऱ्यातली पोल्ट्री वाढली. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली. परसातली कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देई आणि मध्येच खुडूक बसे. पिंजऱ्यातली तीनशेच्या घरात देऊ लागली. त्यामुळे अंडं गरिबाच्या पोराच्या ताटात आलं, हे विसरून चालणार नाही. पण खाद्य झालं मका आणि सोयापेंड. दोन्हींत ओमेगा-६च वरचढ.

हा बदल आकड्यांत दिसला तो १९८९ साली. आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सेलम यांनी ग्रीसमधल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांची अमेरिकी सुपरमार्केटातल्या अंड्यांशी तुलना केली. ओमेगा-३च्या एका भागाला ओमेगा-६चे भाग किती? ग्रीक अंड्यात १.३ आणि अमेरिकी अंड्यात १९.४! त्या ग्रीक कोंबड्या काय खात होत्या? गवत, किडे, वाळलेली अंजिरं आणि एक रानभाजी. ती रानभाजी म्हणजे आपली घोळ. हे वाचलं तेव्हा आम्हाला आमचं परस आठवलं.

म्हणून आज बाजारात ‘गावरान’ म्हणून दुप्पट भाव देताना जरा थांबा. कवचाचा रंग जातीवर ठरतो. बलकाचा रंग मक्यातल्या किंवा झेंडूच्या पाकळ्यांतल्या रंगद्रव्यावर. चरबी कोणती, हे दोन्हींवरून कळत नाही. देशी कोंबडी कोंडून तिला मका-सोयाच घातलं, तर त्या शब्दातलं ‘रान’ कुठे राहिलं? आणि इकडे आपलं रानही बदललं. ऊस वाढला, करडई-जवसाचा पेरा आटला, घोळ तणनाशकाखाली गेली.

बदललेल्या बलकानं कुणाचा आजार बरा होतो, असा आमचा दावा नाही. आमचं म्हणणं एवढंच, की शब्दाची खात्री वस्तूत करून घ्यावी. अंडी घेताना भाव विचारता, तसं कोंबडीनं काय खाल्लं तेही विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं, तर ते गावरान. नाहीतर नुसतं तपकिरी कवच.