फोर्कलिफ्टच्या बॅटरीचे निदान : एका नोंदवहीची साधनचिकित्सा

जालन्याचा इतिहास सांगताना आपण मस्तगडच्या गढीपासून प्रारंभ करतो. आसफजाहच्या आदेशावरून काबिलखानाने ती 1725 मध्ये बांधली. पुढे 'जालना, सोने का पालना' या उक्तीच्या आधारे हा इतिहास व्यापार, बियाणे व पोलाद यांच्या गौरवात विसावतो. गोदामातील यंत्र बंद का पडले हे शोधणाऱ्या कारागिराची नोंद त्यात आढळत नाही. प्रस्तुत लेखात विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टच्या बॅटरीचे निदान हा विषय इतिहासाच्या अंगाने घेतला आहे. कारण या निदानाचा मुख्य आधार लिखित नोंद हाच असतो.

शिसे-आम्ल बॅटरी 1859 मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली. 1881 मध्ये कामिय फोर याने लेप दिलेल्या प्लेटा वापरून तिची क्षमता वाढविली. 1882 मध्ये ग्लॅडस्टन व ट्राइब यांनी असे प्रतिपादन केले की, बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचते व आम्ल पातळ होत जाते. आम्लाची घनता, म्हणजे कारागिराच्या भाषेतील 'ग्रॅव्हिटी', मोजून निदान करण्यास येथे शास्त्रीय पाया मिळाला.

48 व्होल्टच्या बॅटरीत 24 सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एकूण व्होल्टेज पाहिल्यास 23 सुदृढ सेल एका दुर्बल सेलला झाकून टाकतात. म्हणून प्रत्येक सेलची घनता स्वतंत्रपणे मोजावी लागते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये ती सुमारे 1.280 असते. एखादाच सेल इतरांपेक्षा 0.030 किंवा अधिक मागे राहिला, तर दोष त्या सेलमध्ये संभवतो. सर्वच सेल सारखे खाली असतील, तर संशय चार्जरवर किंवा चार्जिंगच्या शिस्तीवर जातो. पहिला दोष वस्तूचा आहे, दुसरा व्यवस्थेचा.

मराठवाड्यात आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. तापमान 1 अंशाने वाढले की घनतेचे वाचन सुमारे 0.0007 ने घटते. 27 अंशांसाठी आखलेल्या हायड्रोमीटरने 42 अंशांच्या आम्लाचे मापन केल्यास चांगला सेलही 0.010 ने क्षीण भासतो. दुसरी गोष्ट पाण्याची. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे लागते. विंधनविहिरीच्या पाण्यातील क्षार प्लेटांना बाधक ठरतात. 2012-13 च्या दुष्काळात टँकरची वाट पाहणाऱ्या जालन्यात बॅटरीत कोणते पाणी पडले असेल, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयासच हवा.

येथील एका गोदामात मला अशी एक नोंदवही पाहावयास मिळाली. बॅटरी निकामी झाल्याचा ठपका चालकावर ठेवून त्याच्या वेतनातून कपात झाली होती, आणि पुरावा म्हणून हीच वही पुढे केली गेली. तीत चार महिने, चोवीसही रकान्यांत, 1.250 हा एकच आकडा होता. मे महिन्यातही तोच आणि ऑगस्टमध्येही तोच. उष्मा, वापर व चार्जिंग बदलत असता चोवीस सेल असे एकसुरात राहत नाहीत. अशी नोंद बॅटरीविषयी काहीच सांगत नाही. हायड्रोमीटर हाती घेतला गेला नव्हता, एवढेच ती सांगते.

त्यामागील पानांवर मात्र दुसऱ्याच हाताचे अक्षर होते. तेथे बहुतेक सेल 1.270 च्या आसपास होते आणि सतरावा सेल 1.240, 1.225, 1.205 असा उतरत गेलेला होता. समासात पेन्सिलीने '17 नं. पाहणे' असे लिहिले होते. तो चालक त्या गोदामात रुजू झाला, त्याच्या आधीची ही तारीख होती.

ती पाने मी संबंधितांना दाखविली. कपात परत मिळाली नाही. जुनी बॅटरी पावती घेऊन रीतसर विक्रेत्याकडे परत गेली, कारण तिच्यासाठी 2001 पासून नियम होते आणि 2022 मध्ये ते नव्याने झाले. नोंदवही रद्दीत गेली. सतराव्या सेलच्या पानांची छायाप्रत तेवढी आमच्या विभागाच्या कपाटात आहे.