मुलुंडची मुळी, फ्रँकफर्टची गोळी

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमराचं लोणचं घालतात. मराठीत या वनस्पतीला माइनमूळ म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात कोलियस फोर्सकोहली. सत्तरच्या दशकात तिच्याच मुळ्या मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत वेगळ्याच कामासाठी पोचल्या. हेक्स्ट या जर्मन कंपनीचं ते संशोधन केंद्र होतं आणि तिथले शास्त्रज्ञ आयुर्वेदातल्या वनस्पतींमध्ये हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध शोधत होते.

हा शोध हवेतून आलेला नव्हता. मुंबईत त्याला मोठा पूर्वेतिहास होता. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. त्याआधी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच यावर लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखामुळे. 1952 मध्ये सिबा कंपनीने बाझलमध्ये सर्पगंधेतून रेसर्पीन वेगळं केलं. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आणि 1963 मध्ये याच सिबाचं संशोधन केंद्र गोरेगावात उभं राहिलं. पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं आणि टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक झाले.

वकिलांच्या काळात ‘रक्तदाब कमी करावा का?’ हाच मुळात वादाचा प्रश्न होता. आकसलेल्या धमन्यांतून मूत्रपिंडापर्यंत रक्त पोचावं म्हणून शरीर स्वतःच दाब वाढवतं, तेव्हा त्यात हात घालू नये, असं मानणारे नामवंत डॉक्टर होते. हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने आवळली, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला. म्हणजे मूत्रपिंड दाबाचा बळी होतं, तसंच दाबाचं कारणही. हा वाद मिटला 1967 मध्ये. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 143 पुरुषांवर चाचणी घेतली. खोट्या गोळ्या घेणाऱ्या 70 जणांपैकी 27 जणांना गंभीर त्रास झाला, खरी औषधं घेणाऱ्या 73 जणांपैकी फक्त दोघांना. त्या औषधांत एक होतं रेसर्पीन.

मुलुंडच्या प्रयोगशाळेने काम सुरू केलं तेव्हा दाब उतरवायला हवा याबद्दल शंका उरली नव्हती. त्यामुळे औषधाची परीक्षाही सरळ होती: भूल दिलेल्या मांजरांत, कुत्र्यांत दाब उतरतो का ते बघायचं. माइनमुळाच्या अर्काने तो उतरला. नोएल डिसूझा, सुजाता भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून एक रेणू वेगळा केला. त्याचं नाव फोर्सकोलिन. तो धमन्या सैल करत होता आणि हृदयाचं आकुंचन जोरकस करत होता.

मग 1981 मध्ये अमेरिकेत केनेथ सीमन आणि जॉन डेली यांनी तो हे कसं करतो ते दाखवलं. फोर्सकोलिन पेशीतलं अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट चालू करतं आणि सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो. हे विकर शरीरात जवळजवळ सगळीकडे आहे, त्यामुळे परिणामही एकाच जागी थांबत नाहीत. रक्तदाबाची रोजची गोळी त्यातून झाली नाही. त्याचं एक रूप 1999 मध्ये जपानमध्ये तीव्र हृदयविकारासाठी मंजूर झालं. जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र फोर्सकोलिन हे नित्याचं हत्यार बनलं. मूत्रपिंडात गळू होण्याच्या आनुवंशिक आजारात सायक्लिक एएमपीमुळेच गळवं फुगतात, म्हणून ती काचपात्रात वाढवून अभ्यासायला संशोधक फोर्सकोलिनच वापरतात. दाबासाठी शोधलेला रेणू मूत्रपिंडाच्या अभ्यासात असा उलट्या दिशेने उपयोगी पडला.

मूत्रपिंड वाचवणारी गोळी हेक्स्टलाच सापडली, पण फ्रँकफर्टमध्ये. ती म्हणजे रामिप्रिल. भारतात ‘कार्डेस’ या नावाने ती कित्येक घरांतल्या औषधांच्या डब्यात असते. तिची खरी परीक्षा ‘आस्क’ या अमेरिकन चाचणीत झाली. रक्तदाबामुळे मूत्रपिंड बिघडलेले 1,094 आफ्रिकन अमेरिकन रुग्ण त्यात होते. काहींना रामिप्रिल, काहींना मेटोप्रोलॉल, काहींना अ‍ॅम्लोडिपिन दिलं. अ‍ॅम्लोडिपिनचा गट 2000 मध्येच थांबवावा लागला. 2002 च्या अंतिम निकालात मूत्रपिंडाची मोठी घसरण, डायलिसिस किंवा मृत्यू यांचा एकत्रित धोका अ‍ॅम्लोडिपिनच्या तुलनेत रामिप्रिलने 38 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. आणखी एक निष्कर्ष चक्रावणारा होता. एका गटाचा दाब सरासरी 141/85 राहिला, दुसऱ्याचा 128/78 पर्यंत उतरवला, तरी मूत्रपिंडाची घसरण त्यामुळे मंदावली नाही.

कारण मूत्रपिंडाच्या रचनेत आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गाळणीत रक्त एका वाहिनीने येतं, दुसरीने जातं. अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः येणारी वाट रुंद करतं, त्यामुळे दंडावरचा आकडा उतरला तरी गाळणीतला दाब तसाच राहू शकतो. रामिप्रिल जाणारी वाट सैल करतं, म्हणून गाळणीतलाच दाब उतरतो.

वकिलांपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांनी दंडावरचा पारा मोजला. त्यात त्यांची चूक नव्हती, आधी तोच प्रश्न सुटायला हवा होता. पण पारा उतरणं आणि गाळणी टिकणं या दोन गोष्टी आहेत, हे कळायला वकिलांच्या लेखानंतर अर्धशतक लागलं. आज नव्या औषधांच्या चाचण्या थेट मूत्रपिंडाची घसरण मोजतात. 2020 मध्ये मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनची परीक्षा तशीच झाली आणि मधुमेह नसलेल्यांचीही मूत्रपिंडं त्याने जपली. आपल्या घरांत मात्र अजूनही बहुतेक वेळा फक्त दंडाला पट्टा बांधला जातो. मूत्रपिंड बिघडताना बराच काळ दुखत नाही. ते कळतं रक्तातल्या क्रिएटिनिनवरून आणि लघवीतल्या अल्ब्युमिनवरून, म्हणजे त्या दोन तपासण्या करून घेतल्या तरच.