शर, जीवा आणि समीकरण: वर्तुळाचा खानदेशी मागोवा

व्यास १० असलेल्या वर्तुळात ६ लांबीची जीवा ओढली, तर जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचा शर किती? भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त घातलेले हे उदाहरण. उत्तर १. आज अकरावीचा विद्यार्थी फळ्यावर क्ष² + य² = २५ पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे हेच वर्तुळ असते. त्रिज्या ५, शर १, म्हणजे जीवा केंद्रापासून ४ अंतरावर, आणि अर्धी जीवा ३. चाराचा वर्ग सोळा, तिनाचा नऊ, बेरीज पंचवीस.

हा संबंध भास्कराचार्यांहूनही जुना आहे. ४९९ साली आर्यभटाने सांगितले की जीवा आपल्याला काटकोनात छेदणाऱ्या व्यासाचे जे दोन तुकडे करते, त्यांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो. वरच्या उदाहरणात ते तुकडे १ आणि ९, गुणाकार ९, अर्धी जीवा ३. आता लहान तुकड्याला क्ष म्हणा, अर्ध्या जीवेला य. मग य² = क्ष(१० − क्ष). हेच वर्तुळाचे समीकरण, फक्त आरंभबिंदू केंद्रात नसून परिघावर आहे. क्ष २ घेतला तर य ४ येतो, ५ घेतला तर ५.

कंस सोडवला की क्ष² + य² − १०क्ष = ० असे रूप मिळते, आणि परीक्षेत नेमके इथेच विचारतात: केंद्र कोठे, त्रिज्या किती? मुले इथे अडतात, कारण वर्ग पूर्ण करणे ही त्यांना पाठ करायची एक क्लृप्ती वाटते. दहाचा निम्मा ५, त्याचा वर्ग २५ दोन्ही बाजूंना मिळवा; (क्ष − ५)² + य² = २५. केंद्र (५, ०), त्रिज्या ५. म्हणजे आरंभबिंदू परिघावरून केंद्रात सरकवणे एवढेच आपण केले. मधले पद घालवण्याची ही रीत भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त मध्यमाहरण या नावाने आहे.

हे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशात मठ होता. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख १२०७चा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला.

पुढे खानदेशची राजधानी बऱ्हाणपुरात आली. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तिथी-नक्षत्रासह. ती मशीद बांधणारा राजे अली खान फारुकी याच्याकडे १५९१मध्ये अकबराने वकील म्हणून धाडला तो त्याचा दरबारी कवी फैजी. चारच वर्षांपूर्वी, १५८७मध्ये, त्यानेच 'लीलावती' फारसीत नेली होती.

या मागोव्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा धागा. १६३१मध्ये मुमताज महलचा बऱ्हाणपुरात मृत्यू झाला. तिच्या कबरीवर आग्र्याला जी वास्तू उभी राहू लागली, तिचा स्थपती उस्ताद अहमद लाहोरी. त्याचा मुलगा अताउल्ला याने १६३४-३५मध्ये 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर करून शाहजहानला अर्पण केले. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचा स्थपतीही हाच अताउल्ला. ताज आणि मकबरा यांच्या घुमट-कमानी आखणाऱ्या घरात मध्यमाहरण वाचले जात होते, ही गोष्ट आपल्या गणिताच्या पुस्तकात यायलाच हवी.

आणि नेमक्या त्याच वर्षांत फ्रान्समध्ये नवी गोष्ट घडत होती. १६३६च्या सुमारास फर्माने एका रेषेवरचे अंतर आणि तिच्यापासूनची उंची यांना दोन अक्षरे दिली आणि त्यांच्यातल्या संबंधाने वर्तुळ लिहिले. तो लेख छापला मात्र १६७९मध्ये गेला. देकार्तची 'ज्यामिती' १६३७मध्ये आली. त्यांनी हे आपल्याकडून घेतले असे म्हणणे खोटेपणाचे होईल, आणि त्यांनी केले ते आपल्याकडे आधीच होते असे म्हणणेही तितकेच खोटे. भास्कराचार्यांचा प्रश्न एका जीवेचा होता. फर्मा आणि देकार्त यांनी वर्तुळावरचे सगळे बिंदू एका समीकरणात आणले. त्यामुळे दोन वक्र कुठे छेदतात हे आकृती न काढता, बीजगणितानेच कळू लागले. मराठी शाळांत हे समीकरण इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने आले आणि शर वाटेतच गळाला.

तो परत आणता येईल. बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५च्या सुमारास, बांधलेला कुंडी भंडारा आहे. जमिनीखालच्या बोगद्याने जोडलेल्या शंभराहून अधिक गोल कुंड्या. शिक्षकांनी वर्ग तिथे न्यावा. कुंडीच्या कठड्यावर सरळ काठी आडवी ठेवून तिची दोन टोके बाहेरच्या कडेला जुळवा. काठीच्या मध्यापासून कडेपर्यंतचा शर मोजा. अर्ध्या काठीच्या वर्गाला शराने भागून त्यात शर मिळवला की व्यास येतो. तो टेप लावून पडताळा. मग एका कुंडीचे केंद्र आरंभबिंदू मानून शेजारच्या कुंडीचे समीकरण मुलांना लिहायला सांगा. त्रिज्या सारखी असेल तर बदलेल ते फक्त केंद्र. सूत्र फळ्यावर त्यानंतर लिहा.