प्रोग्रामर एकलकोंडाच असतो, हे ठरवलं कुणी?

परवा टपरीवर एक ओळखीचे काका म्हणाले, "मुलीला कॉम्प्युटरला घालावं म्हणतोय, पण ती फार बोलकी आहे हो. ते काम एकलकोंड्या पोरांचं." विचारलं, कुणी सांगितलं? त्यांना आठवेना. पण या समजुतीमागे एक जुना अभ्यास आहे.

१९६६ साल, अमेरिका. प्रोग्रामर मिळत नव्हते, कंपन्या घायकुतीला आलेल्या. चांगला प्रोग्रामर ओळखायचा कसा, हे शोधायला विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या. निघालं काय? यांना कोडी सोडवायला आवडतात, आणि यांना माणसं आवडत नाहीत!

आता गंमत बघा. त्या १,३७८ जणांत बायका होत्या फक्त १८६. म्हणजे स्वभाव दिसला तो मुख्यतः पुरुषांचा, आणि तो चिकटवला कामाला. पुढे असल्या चाचण्या लावून भरती झाली. तशीच माणसं निवडली, तशीच दिसली, मग लोक म्हणाले, बघा, प्रोग्रामर असाच असतो! इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी २०१०च्या आपल्या पुस्तकात हे चक्र नीट उलगडलंय.

वास्तविक १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलेलं. पण १९८०च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या फोटोतल्या या बायका कोण, असं विचारलं, तर उत्तर मिळालं, मॉडेल असतील. घ्या!

१९८४च्या सुमारास अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत मुली ३७ टक्के होत्या. पुढे त्या १८ टक्क्यांवर आल्या. मग संशोधकांचा प्रश्न ठरलेला: मुलींमध्ये काय कमी आहे? चाचणीत काय चूक होती, हे फार उशिरा विचारलं गेलं.

मलेशियात मात्र या विषयाचे वर्ग मुलींनी भरलेले. उल्फ मेलस्ट्रोम या स्वीडिश अभ्यासकाने २००९ मध्ये त्यावर लिहिलं. तिथे हे काम बायकांना साजेसं मानतात. का, तर ऊन नाही, धूळ नाही, चार भिंतींत बसून करायचं. (हेही कारण मला पटत नाही. पोरीला घरात ठेवायचीच ही दुसरी तऱ्हा.) पण काम तेच, मशीन तेच. एका देशात ते पुरुषी, दुसऱ्या देशात बायकी.

काकांना एवढं सगळं कुठे सांगणार? चहा संपला होता. फॉर्मची शेवटची तारीख तेवढी विचारली. शुक्रवार आहे म्हणाले.