शंभर ऑक्टेनचं पेट्रोल: कुणाच्या गाडीला लागतं, कुठं मिळतं आणि कायदा काय सांगतो

पुण्या-मुंबईहून येताना कॅनमध्ये ‘शंभर नंबरचं पेट्रोल’ आणायचं आणि गावात शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ओतायचं, ही हौस आता खेड्यापर्यंत आली आहे. मोबाईलवर रेसिंगचे व्हिडिओ बघून पोरांना वाटतं, की हे पेट्रोल टाकलं म्हणजे गाडी उडायला लागते. पैसे जातात ते जातातच, पण कॅनमधून पेट्रोल नेताना एखादा जीवही जाऊ शकतो. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेतलेला बरा.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. शर्यतीच्या खोंडाला दूध-अंडी घातली की तो जोरात पळतो, तसं इथं नसतं. सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि मग प्लगची ठिणगी पडते. ठिणगी पडल्यावर जळायला लागलेल्या मिश्रणाचा उरलेला भाग दाबानं आणि उष्णतेनं आपोआप भडकला, तर इंजिनात टकटक आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. घाटात, डबल सीट, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढताना हा आवाज येतो तो बहुतेकांनी ऐकलेला असतो. हे आपोआप भडकणं पेट्रोल किती रोखून धरतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. आकडा मोठा असला म्हणजे पेट्रोल जास्त दाब सहन करतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग हा दाब कोणत्या गाडीत जास्त असतो? शंभर सीसीच्या नेहमीच्या गाडीत कॉम्प्रेशन दहाला एकच्या आसपास असतं. जुन्या यामाहा आरएक्स १०० मध्ये तर ते सातच्या आसपास. उलट कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर सारख्या गाडीत तेराला एक. जास्त ऑक्टेन या शेवटच्या गाडीच्या कामाचं आहे. नॉक सेन्सर असलेल्या महागड्या गाड्यांचा कॉम्प्युटर चांगलं पेट्रोल मिळालं की ठिणगीची वेळ थोडी पुढं घेतो, त्यामुळं ओढ थोडी वाढते. साध्या गाडीत असं काही घडत नाही. तिथं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल साध्यासारखंच जळतं.

दुसरी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. एके काळी त्याचं ऑक्टेन ८८ होतं, नंतर ९१ झालं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०० च्या वर असतं, त्यामुळं २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलचं ऑक्टेन ९५ पर्यंत गेलं आहे. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको, कारण ते इथेनॉल आपल्याच कारखान्यांतून जातं. म्हणजे ९५ च्या प्रीमियम पेट्रोलला जादा पैसे मोजून ऑक्टेनमध्ये फारसं काही पदरात पडत नाही. त्यात इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात, त्याचा काय तो फायदा. प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, हाही समज खरा नाही.

‘पॉवर टाकू का?’ असं पंपावरचा पोरगा विचारतो, तेव्हा नको म्हणायचा हक्क गिऱ्हाईकाला आहे. मान हलवण्याआधी मशीनवरचा भाव बघावा.

आता शंभरचं पेट्रोल मिळतं कुठं? इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० ला एक्सपी १०० बाजारात आणलं. ते मथुरा रिफायनरीत तयार झालं. पहिल्या टप्प्यातल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली मुंबई आणि पुणे होती. हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर ९९ आणि भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७ ही त्याच जातीतली. ही पेट्रोलं मोठ्या शहरांतल्या ठराविक पंपांवरच असतात, तालुक्याच्या पंपावर सहसा नाहीत. जाण्याआधी कंपनीच्या ॲपवर बघून किंवा पंपाला फोन करून जावं.

एक्सपी १०० आलं तेव्हा भाव लिटरला १६० रुपयांच्या आसपास होता. साधं पेट्रोल १०५ धरलं तर दहा लिटरच्या टाकीमागं साडेपाचशे रुपये जास्त जातात. तेवढ्यात साध्या पेट्रोलची अर्धी टाकी भरते.

पंपावर अधिकृतपणे मिळणारं असं कुठलंही पेट्रोल रस्त्यावर वापरायला कायद्याची आडकाठी नाही, कारण ते सरकारी मानकात बसतं. अडचण आहे ती ड्रममधून येणाऱ्या खऱ्या रेसिंग फ्युएलची. ते बंद ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी बनवलेलं असतं. त्यातल्या काही प्रकारांत शिसं असतं, काहींत असे घटक असतात की रस्त्यावरच्या गाडीचे रबरी पाईप आणि सील टिकत नाहीत. आपल्याकडं शिसं असलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद आहे. बीएस-६ गाडीत ते गेलं तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर निकामी होतात. मग धूर वाढतो, पीयूसी मिळत नाही आणि वॉरंटीचं नाव काढता येत नाही.

परदेशी व्हिडिओतल्या आकड्यांनीही गोंधळ होतो. अमेरिकेत ऑक्टेन मोजायची रीत वेगळी आहे. तिथलं ९३ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९७-९८.

‘विमानाचं पेट्रोल’ म्हणून कुणी काही विकत असेल तर हात लावू नये. मोठ्या विमानांचं इंधन पेट्रोल नसतंच, ते रॉकेलच्या जातीचं असतं. गाडीत टाकलं तर इंजिनाची वाट लागते. छोट्या पिस्टन विमानांचं एव्हगॅस हे पेट्रोल असतं खरं, पण त्यात बहुधा शिसं असतं. डांबर गोळ्या टाकून ॲव्हरेज वाढतो, हाही असाच एक जुना खेळ. गोळ्या विरघळतात, पण थंडीत किंवा गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात त्यांचे खडे होतात. ऑक्टेन बूस्टरच्या काही बाटल्यांत धातूची संयुगं असतात, त्यांनी प्लगवर तांबूस थर बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅन. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणं विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल जास्तीत जास्त ३० लिटरपर्यंत बिनपरवाना जवळ ठेवता येतं. पण भांडं घट्ट झाकणाचं हवं. धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत. प्लास्टिकची पाण्याची बाटली यात कुठंच बसत नाही. एसटीत पेट्रोल नेता येत नाही. रेल्वेत नेलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणलेलं पेट्रोल मित्राला चार पैसे जादा घेऊन दिलं, की ती विनापरवाना विक्री झाली. किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. गावाला त्याची सवय झाली आहे म्हणून ते कायदेशीर होत नाही. जनावरांच्या गोठ्यात किंवा चुलीच्या खोलीत कॅन ठेवणं तर सरळ आगीला आमंत्रण. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या विस्तवावरही पेटते.

पेट्रोल कुठलंही असो, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ खाली वडिलांवर किंवा गाडीमालकावर २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद येऊ शकते. इंजिन किंवा सायलेन्सर कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळं केलं तर त्याची कारवाई निराळी.

आपल्या गाडीला काय लागतं ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथं ९१ किंवा ९५ असेल तर पुण्याची खेप करायची गरज नाही. गाडी टकटक करत असेल तर आधी कार्बन, प्लग आणि ठिणगीची वेळ तपासून घ्यावी. भेसळीची शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागावा. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहता कामा नये. घनतेचा आकडाही विचारता येतो. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापानं मोजून दाखवायला सांगावं. पंपवाला नाही म्हणाला, तर बिल जपून ठेवून वैध मापन शास्त्र विभागाकडं तक्रार करता येते.